पॅन्क्रियाजच्या ताटात गुलाबजाम

आमच्या आईच्या आग्रहातून माणूस सुटत नाही हे माहीत होतं, पण लिव्हरही सुटत नाही हे यंदा कळलं. आई-बाबा नागपूरहून लंडनजवळ पिनरला माझ्याकडे आले होते. बाबांच्या रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर निघालं, आणि बाबा मानायलाच तयार नाहीत. "वर्षभर तुपाला शिवलो नाही मी. फॅट येईल कुठून?"

शेवटी संदेशला संडे लंचला बोलावलं. माझा जुना मित्र, केंब्रिजमध्ये लिव्हरवरच रिसर्च करतो. जेवताना बाबा नको नको म्हणत असताना आईने त्यांना पाचवा गुलाबजाम वाढला. बाबांनी तो हळूच शेजारी, संदेशच्या ताटात सरकवला.

संदेश ओरडलाच, "काका, हेच! अगदी हेच! जादा साखर आली की लिव्हर तिचं फॅट करतं. स्वतःचं ताट भरलं की रक्तातून शेजारच्या पॅन्क्रियाजच्या, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाच्या, ताटात सरकवतं. मग ते बिचारं थकतं, इन्सुलिन कमी पडतं आणि डायबिटीस!"

बाबा गार. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी ताटावर ठाम हात आडवा धरला. "बास. माझं लिव्हर भरलं."

मला वाटलं, जिंकलो. आई संदेशकडे वळली. मग, "बरं, तू घे रे, पॅन्क्रियाज," म्हणत तिने उरलेले दोन्ही संदेशच्या ताटात घातले.

आणि हा पठ्ठ्या मुकाट खायला लागला! मी म्हटलं, "अरे, तू तरी नाही म्हण!"

भरल्या तोंडाने तो म्हणाला, "पॅन्क्रियाजला कधी कोणी विचारतं का?"