ओढ्यावरच्या पुलाचे अधिकार

...न्हाई न्हाई, मला चिडू द्या! तुमास्नी सांगतो, मार्च म्हैन्यात हितं वेल्समदी आमच्या ओढ्याला पूर आला आन् लाकडी पूल घिऊन गेला. अख्खा! माझ्या तीनशे मेंढ्या पल्याड डोंगरावर, मी आल्याड, मधी पाणी. म्हणाल, थांब की जरा. आवं, थांबू कसा? आमच्या खोऱ्यात लोकर कातरायचा दिवस ज्या त्या घराचा ठरल्याला असतो, पार आजापास्नं. माझा जूनचा दुसरा गुरुवार. त्या दिशी सतरा घरची माणसं कात्र्या घिऊन माझ्या दारात! दिवस चुकला की संपलं, फुडं समद्यांचं दिवस भरल्यालं. आन् उन्हाळ्यात लोकर अंगावर ऱ्हायली की मेंढीला किडं पडत्यात, जित्तेपणी!

म्हणून लंडनच्या सरकारला फोन लावला. बाई अशी गोड बोलतीय, जशी काय उद्याच पूल बांधून देतीय... "वेल्सचे पूल? अगंबाई, ते आता आमच्याकडे नसतात हो. अधिकार खाली दिलेत." बरं, ग्वाडच की! वेल्सचा कारभार वेल्सकडं यावा म्हणून तर म्या मत दिलं व्हतं, मेंढ्यांच्या पाठीवर 'हो' रंगवून! बायकू मेनिर म्हणली, "अवं, लोकर बाद हुईल." म्हणलं, हुंदे! आपलं राज्य येतंय, अधिकार खाली येत्यात!

मग आमच्या राजधानीला, कार्डिफला फोन. पोरगा आपल्याच वेल्श भाषेत बोलला, जीव सुखावला बगा. म्हणतोय, "काका, या पुलामुळं आपल्या देशाच्या अर्थव्यवस्थेत वाढ किती होईल?" म्हणलं, लेका, तीनशे मेंढ्यांची! "मेंढ्यांत नको, टक्क्यांत सांगा." टक्क्यांत! माझ्या बानं कधी मेंढरू टक्क्यांत मोजलं न्हाई! वर म्हणतोय, "आणि एवढे लहान पूल आम्ही जिल्ह्याला दिलेत काका. अधिकार खाली..." आपटला फोन.

जिल्ह्याचा सायब टाय सारखा करत म्हणला, "पायी जायचा पूल ना? तो गावच्या समितीला दिलाय. अधिकार खाली आलेत, अभिनंदन!" अभिनंदन?... तीन म्हैनं गेलं मंडळी, तीन! गुरुवार दोन दिसावर!

मंगळवारी दुपारी समिती बसली, चर्चच्या मागल्या खोलीत. पाच माणसं, एक किटली, आन् चिटणीस ग्वेनलियनबाईंचा मनुकांचा केक. बाई चष्मा पुसत म्हणत्यात, "इदवाल, पुलाचे सगळे अधिकार आपलेच हायत बरं का. पैसा तेवढा वरच ऱ्हायलाय."

म्या उठलो. टेबलावर अशी मूठ हाणली की कप उडालं! म्हणलं, लंडननं कार्डिफला ढकललं, कार्डिफनं जिल्ह्याला, जिल्ह्यानं तुमाला, तुमी कुणाला ढकलनार? ओढ्याला? अर्थव्यवस्था म्हणं! माझी अर्थव्यवस्था पल्याड बें बें करतीया! कुणी मरद हाय का न्हाई हितं जबाबदारी घेनारा?

आन् तवा मला आठवलं. आमच्या समितीत जो लई वरडतो त्येलाच अध्यक्ष करत्यात! आदीचा अध्यक्ष तुंबल्याल्या गटारावरनं वरडला व्हता, एकोणीस वर्सं सुटला न्हाई बिचारा. त्यो आत्ता असा हासला, लगीन ठरल्यावानी. "सूचक मी!" शेजारचा तुडुर म्हणला, "अनुमोदक मी!" ग्वेनलियनबाई म्हणल्या, "केक घ्या अध्यक्ष."

गुरुवार उजाडला. सतरा घरची माणसं दारात. तुडुर म्हणतोय, "आरं इदवाल, मेंढ्या कुटायत?" म्हणलं, पल्याड. "मग आमी कातरायचं काय, तुझी दाढी?" त्येनं अंगणात पडल्याल्या माझ्या ओकच्या लाकडी वाशांकडं बघितलं, म्या करवतीकडं बघितलं. कात्र्या ठिवल्या गवतात. धा जण पाण्यात, सात वर, मेनिर चहाच्या किटल्या घिऊन मधी. बाराच्या आत पूल! दोनाला मेंढ्या त्येच्यावरनं चालत आल्या, रांगंत, राणीवानी! टक्क्यांत सांगू? शंभर!

आठ दिसांनी कार्डिफचं पत्र. "हा पूल कोणाच्या परवानगीनं बांधला? अधिकार असलेल्या माणसाची सही पाठवा." ग्वेनलियनबाईंना इचारलं, त्यो कोण? म्हणल्या, "तूच की." अशी सही केली, कागद फाटला! आता अख्खं खोरं मला 'इदवाल पूल' म्हणतंय. आमच्यात माणसाला त्येच्या कामावरनंच नाव पडतंय, मेल्यावर थडग्याच्या दगडावर बी त्येच लिवनार.

आन् काल मेनिर म्हणती, "अध्यक्ष, आपल्या फाटकाची बिजागरी नऊ वर्सं दोरीनं बांधल्याली हाय. त्येचं अधिकार कुणाकडं?"

आवं, माझ्या तोंडातनं आपसूक निघालं... "त्ये खाली दिल्यात."

आन् खाली बघितलं. खाली फकस्त आमचा कुत्रा. त्येनं एकडाव माझ्याकडं बघितलं, एकडाव फाटकाकडं... आन् उठून टेबलाखाली गेला.

मग काय... हातोडा कुटाय गं?