तोरणाखाली उभं राहाचं

...आता तुमीच सांगा, मांडीच्या हाडात सळाख घातलेल्या माणसाले कोणी "तुमचं ध्येय काय?" असं इचारते का जी? मी वामनराव, नेरकडचा, आंगणात घसरलो, यवतमाळच्या दवाखान्यात खाटेवर पडून राह्यलो, उठाची हिंमत नाही, आन ही नर्सिंग शिकणारी सुरभी, पुसदची पोरगी, उशाशी स्टूल ओढून म्हणते, "काकाजी, आमच्या शास्त्रात ध्येय नर्सनं एकटीनं नसते ठरवाचं. दोघायनं मिळून ठरवाचं!"

दोघायनं मिळून! बाप्पा! अहो, माह्यं लग्न मले न इचारता ठरलं!

म्हटलं, "घरी जाचं." थे म्हणे, "चालत का खांद्यावर?" मंग पोटातलं ओठावर आलंच... "पोळ्याले माह्या ढवळ्या बैलाचा कासरा धरून, गावच्या बैलायच्या रांगेत, तोरणाखाली उभं राहाचं होतं पोरी. आता कायचं उभं राह्यतो!" सांगतो तुमाले, डोये भरून आले. थे हसली नाही. म्हणे, "ठरलं. आज खाटेच्या काठावर बसाचं. जमते?"

मंग काय! आज काठावर, उद्या वॉकर धरून खिडकीपर्यंत... मी कण्हतो, शिव्या देतो, थे म्हणते, "शिव्या द्या, पण पाय उचला. दोघायनं मिळून ठरवलं न जी!" आमची विजयमाला, म्हणजे बायको, तिच्याच पार्टीत! "चाला, ढवळ्या वाट पाहून राह्यला!"

आन ऐन वक्तावर आला न ताप! उतरला, पण डॉक्टर म्हणे सुट्टी उद्या. आज पोळा गावात, मी खाटेवर. भिंतीकडं तोंड केलं, जेवलो नाही. सुरभी आली. "काकाजी, ध्येय हुकलं तं टाकाचं नसते, बदलवाचं असते. दोघायनं मिळून. उद्या काय असते गावात?"

उद्या? तान्हा पोळा! लेकरायचा! लाकडाचे बैल घेऊन!

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली, गावात पोचलो. विजयमालानं वॉकरले ढवळ्याची झूल बांधली, गोंडे लावले, आन उभा राह्यलो जी, माह्या पायावर, तोरणाखाली, कमरेएवढ्या पोट्ट्यायच्या रांगेत! सुरभीले फोन लावला, "उभा हाय पोरी!" थे तिकडं रडे, मी इकडं.

तेवढ्यात बक्षिसं वाटले. मले उत्तेजनार्थ! कंपासपेटी! आता ध्येय दोघायनं मिळून ठरवलं, मंग नंबर देतानी काहून कोणी इचारलं नाही? झूल तं माह्याच वॉकरची भारी होती!... जाऊ द्या. पेटीत तंबाखू बरोबर बसते.