काळ्या पट्टीवरचा अंगठा

आमच्या दाजीकाकांसमोर उघड्या हाताने ॲल्युमिनियम उचलून दाखवा, मग बोला! भोईवाड्यात आमचा ॲनोडायझिंगचा गाळा आहे. तिथे ॲल्युमिनियमवर पक्का रंग चढवतात. धुतलेल्या पीसला नुसतं बोट लागलं, तरी तेलकट डाग रंगात उमटतो आणि मग काही केल्या जात नाही. म्हणून काका सगळ्यांवर ओरडायचे, "हातमोजे घाल गो! थंय तुझा आधार कार्ड छापूचा नाय हा!"

मागे काळ्या पट्ट्यांची मोठी ऑर्डर होती. पट्ट्या रॅकला टांगून रंगाच्या टाकीत सोडायच्या, आणि प्रत्येक रॅकच्या पहिल्याच पट्टीवर अंगठा उमटायचा. पार्टी म्हणाली, आता एक जरी डाग दिसला तर काम दुसरीकडे देऊ. काका भडकले. शाई आणून सगळ्यांचे अंगठे कागदावर घेतले, माझासुद्धा. एकही जुळेना.

"काका, तुमचाच राहिला," मी म्हटलं.

"माझो? याड लागला काय तुका?"

दुसऱ्या दिवशी मी टाकीजवळच उभी राहिले. काकांनी रॅक उचलला, थांबले, उजवा हातमोजा काढला, पहिल्या पट्टीला हात लावून कपाळाला लावला, आणि हातमोजा घालून रॅक टाकीत सोडला.

"काका!"

ते स्वतःच्या हाताकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "अगो, पण हातमोजे घालून कोण पाया पडता?"

तेव्हापासून आम्ही प्रत्येक रॅकवर पुढे एक भंगारातली पट्टी लावतो, खास काकांसाठी. तिच्यावर अंगठा दिसला नाही, तर मीच ओरडते, "काका, आज विसरलात काय?"