कोरली संध्याकाळ, छापली सकाळ

सन्माननीय अध्यक्ष विक्रांतजी, व्यासपीठावरच्या पाहुण्या संहिताताई, ज्यांच्यासाठी आज हा हॉल भरला आहे त्या पंचशीलाताई, आणि पोहे-जिलेबी संपल्यावरही खुर्च्या न सोडणाऱ्या माझ्या इंदूरकर रसिकहो, आपणा सर्वांना कुमुदिनीचा नमस्कार.

ताई पुढच्या आठवड्यात बंगळुरूला, मुलीकडे, कायमच्या राहायला चालल्या. त्यांच्याविषयी मी बोलावं, असा हुकूम झाला. माझा चित्रकलेशी संबंध काय? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फुलदाणी मांडायच्या आणि आम्ही ती काढायचो. खिडकीबाहेर पाहिलं की ओरडा बसायचा. बाहेर पाहायला मला ताईंनी शिकवलं, तेही पन्नाशीनंतर, रविवारच्या वर्गात. महूच्या माळावर नेऊन म्हणायच्या, "कुमुद, झाड नंतर काढ. आधी त्याच्या सावलीत जरा बस."

जलरंगातलं निसर्गचित्र एकाच घरात जातं. ते जास्त घरांत जावं म्हणून ताई छापचित्रांकडे वळल्या. पहिलंच चित्र छत्रीबागेचं. पुलावर बसून समोर दिसेल तशी संध्याकाळ त्यांनी लिनोच्या रबरासारख्या मऊ लादीवर कोरली. खान नदीच्या डाव्या काठाला घरं, त्यांच्यामागे मावळता सूर्य. वीस प्रती छापल्या, प्रत्येकीवर पेन्सिलने क्रमांक घालून सही केली आणि रिवाजाप्रमाणे लिनोवर आडवी चीर मारली. आता एकविसावी प्रत निघणे नाही!

प्रदर्शनात छत्रीबागेचे रघुवीरजी चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, चित्र तर एकदम झकास है. पण माझं घर नदीपार कसं गेलं?"

छाप आरशासारखी उलटी उमटते, हे कोरण्याच्या धुंदीत ताई विसरल्या होत्या. आणि आम्ही वर्गातल्या हुशार बायका? आम्ही टाळ्या वाजवत होतो.

ताईंचा चेहरा उतरला. सगळ्या प्रती बुक झालेल्या. म्हणाल्या, "मी फाडून टाकते. आता छापचित्र नको, काही नको." पहिली प्रत भिंतीवरून काढलीसुद्धा. तेवढ्यात रघुवीरजींच्या शशिकलावहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी ती हातातून ओढूनच घेतली.

"अहो, फाडता काय? घर उजवीकडे गेलं, आणि पुलावरून उजवीकडे पूर्व ना? मग आमच्या घरामागे सूर्य उगवतोय की! लग्न होऊन आले तेव्हापासून यांना म्हणतेय, घरात सकाळचं ऊन नाही. यांनी कधी काही केलं?"

रघुवीरजी म्हणाले, "अरे, सूरज मी कुठून आणू?"

"ताईंनी आणला ना!"

सगळा हॉल हसला. ताईही हसल्या, आणि हसता हसता रडल्या. एकही प्रत परत आली नाही. ताईंकडेसुद्धा एक उरली नाही. त्यानंतर त्यांनी किती चित्रं छापली, ते तुमच्या घरांच्या भिंती सांगतील.

पण परवा सामान बांधताना ताईंनी आपल्या कोरण्या माझ्या हातात ठेवल्या. "वर्गाला दे. तिथे मला कोण ओळखतं? आता संध्याकाळच झाली गं."

कोरण्या घेऊन घरी आले. रात्री वहिनींना फोन केला.

ताई, शाल-श्रीफळासोबत आज तुमच्या कोरण्या तुम्हाला परत. आणि ही फ्रेम वहिनींनी भिंतीवरून उतरवून आणली आहे, पहिल्या क्रमांकाची. त्यांचा निरोप जसाच्या तसा सांगते: "भेट नाही, उसनी आहे. पुढच्या दिवाळीला स्वतः येऊन परत करायची. आणि सोबत बंगळुरूची सकाळ छापून आणायची, सीधी या उलटी, चलेगी!"

तुमच्या हातून संध्याकाळ कोरली गेली, तेव्हा सकाळ उमटली, ताई. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उलटसुलट झालं असेल, तर छत्रीबागेने ते चित्र घेतलं तसंच तेही पदरात घ्यावं. नमस्कार.