खंडेनवमीला काढलेली दोन कार्डं

न्हाय, डिस्क जळली असं मी म्हटलं न्हाय, बाळासो. ‘गेली’ म्हटलं. गेली म्हणजे आतलं गेलं. डिस्क फिरती हाय, कान लावा की — ऐकलं? तरी मालकांनी लिवलंय निकामी. सकाळीच चिठ्ठी करून जेवायला गेलेत — ‘चालू मशीनचं बटण बंद केल्यानं हार्डडिस्क निकामी झाली’ — खाली माझी सही घालून तुमच्या हातात द्यायची, तुम्ही ती नेसरीला दूध सोसायटीत दाखवायची. बटण तुम्ही बंद केलं न्हवतं, व्हय, चार वेळा सांगितलं तुम्ही. ऐकलंय मी.

वह्या न्हाईतच का पण? कुठली म्हैस कुठल्या रेड्याची, कधी व्याली — तीन वर्षांचं सगळं? रद्दीत घातल्या. बरोबर हाय, आम्हीच तर म्हटलं हुतं, आता वह्या कशाला. फ्लॉपीवर उतरून ठेवा असंबी म्हणायला पायजे हुतं, मला मोठ्या माणसांना सांगायला जरा अवघड जातंय. आणि तुमचे चेअरमन म्हणत्यात, ज्यानं मोडलं त्यानं घरी बसावं. चिठ्ठीत तर तुमच्याच हातनं मोडलंय.

हे कार्ड बघा. कंट्रोलर म्हणत्यात. शेतात बांध घालतो तसं हे डिस्कवर बांध घालतंय, मग त्यात लिवतंय. दुसऱ्या जातीचं कार्ड लावलं की त्याला पहिल्याचं बांध दिसतच न्हाईत — सगळं पडीक रान. डिस्क तीच, माल आत तसाच, पण मशीन म्हणतंय डिस्कच न्हाय. अशा वेळी काय करायचं? काय करायचं न्हाय. हात बांधून बसायचं. मूळ कार्ड मिळालं की सगळं परत दिसतंय.

तुमचं मूळ कार्ड इथंच हुतं की. पाटावर. खंडेनवमीला दुकानातली हत्यारं मांडतोय आम्ही — पकडी, मीटर, सोल्डरिंग — तर मालकीणवहिनी म्हणाल्या, काम ज्याच्यावर चालतंय ते पण ठेवा काहीतरी. तुमचं मशीन सर्व्हिसिंगला उघडं पडलेलं, शेजारी एका वकिलांचं. दोन्हीतली कार्डं काढली. कुंकू कार्डाला न्हाय लावलं, खालच्या कागदाला लावलं, तेवढी अक्कल हुती. झेंडू ठेवला. दसऱ्याला परत बसवली — दोन्ही हिरवी, दोन्ही तेवढीच लांब —

तुमची डिस्क दिसंना. मी म्हटलं, एसटीच्या टपावरनं आलीया, दणका बसला असंल. मशीननं विचारलं, सगळं पुसून नव्यानं आखू का? नववीत शाळा सुटली माझी, पण ‘वाय’ म्हणजे होय हे कळतंय. दाबलं. आणि सांगू का, अशी पळायला लागली, पहिल्यापेक्षा दुप्पट. मी खूश. मालकांना हाक मारून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वकिलांची दिसंना, तवा कळलं, कार्डं बदलली. त्येंचं कार्ड त्येंना लावलं, सगळं जागच्या जागी. तुमचं तुम्हाला लावलं. काय न्हाय. आठ दिवस रोज लावून बघतोय.

असं बघू नका. शिव्या घाला पायजे तर.

मला हे सांगायचं न्हवतं. सही करायची, चहा पाजायचा, वाटंला लावायचं, एवढंच ठरलं हुतं.

द्या ती चिठ्ठी. फाडू द्या. कागद — हां, ह्या जुन्या बिलाच्या पाठीमागं लिवतो. अक्षर वंगाळ हाय माझं. ‘कार्डांची अदलाबदल दुकानात झाली. डिस्क मी पुसली. बाळासोंचा दोष न्हाय.’ सही. तारीख घालू? घालतो. दुकानाचा शिक्का मारत न्हाय, तो मालकांचा हाय. नुसत्या सहीला चेअरमन काय म्हणतील, मला ठावं न्हाय.

खिशात घाला. इथं वाचत बसू नका. डिस्क न्या, चांगली हाय. चहा नको आता — मालक यायच्या आत निघा. आणि परत कधी आलात तर माझं नाव विचारू नका, मी इथं नसणार. जावा, पावणं.