पाठ केलेल्या चुका

लशीच्या रांगेत एक तरुण आई बाळाला थोपटत उभी होती. तिच्या पुढे दोघी जावा बोलत होत्या.

“काय गं, तुझी लेक हुशार मुलांच्या सरकारी निवासी शाळेत जाणार होती ना?”

“नापास झाली, ताई.”

“ती? शुद्धीवर आहेस ना?”

“अख्खा वर्गच नापास. कच्च्या मुलांसाठी सरकारनं नव्या बाई दिल्यात ना? मुलं पास झाली की त्यांची बदली होणार, असं पोरांनी ऐकलं.”

“म्हणून मुद्दाम? अगं बाई! कुणाचं हे डोकं?”

“आमच्याच लेकीचं. चुकीची उत्तरं सगळ्यांकडून पाठ करून घेतली तिनं.”

“मग राहिल्या का बाई?”

“कसल्या राहतायत! असा निकाल लागला म्हणून काढूनच टाकलं त्यांना.”

रांग पुढे सरकली. थोपटणारा हात मात्र थांबला होता; शाळेतून काढल्याचं पत्र त्याच हातानं घेतलं होतं.