तळाचं येऊ दे वरी

लेक : ‘लोळ रे माझ्या पिंपा, ह्या दारातून त्या दारी, तळाचं येऊ दे वरी…’ आणि मग बाबांचा आवाज एकदम खाली. मी एवढीशी होते, ह्याच खोलीत, त्या फळीवर पाय हलवत बसलेली. पुढची ओळ मला कधी ऐकूच आली नाही बघ.

जावई : अगं बाई, मी विचारलं माशांच्या पाण्यात मीठ कुठल्या मापानं घातलंस. गाणं नाही विचारलं.

लेक : माप हातात घेतलं की गाणं येतं ओठावर, त्याला मी काय करू? ह्याच मापानं घातलं. वरून हात फिरवून, सपाट. दोन्ही बादल्यांना सारखं. पाणीही सारखंच, गाळलेलं.

जावई : शपथ?

लेक : तुझ्या वजनकाट्यांची शपथ.

जावई : मग इकडे ये. धाव! ही खारेपणा मोजायची दुर्बीण धर, काचेवर पहिल्या बादलीचा थेंब टाकलाय. उजेडाकडे बघ. निळी रेघ कुठे थांबली?

लेक : खाली. अगदीच खाली रे! हे तर अळणी पाणी आहे. ह्यात कोरल टाकलं तर बिचारं संध्याकाळपर्यंत मान टाकेल.

जावई : आता दुसरी बादली.

लेक : तिला दुर्बीण कशाला हवी? आंधळ्यालाही दिसेल. चुना कालवल्यासारखी पांढरी फटक झालीय. पिंपाच्या तळाशी आलो की असंच होतं, दरवेळी. दे इकडे, मोरीत ओतते.

जावई : ओतू नकोस! हात लावशील तर बघ! त्या बादलीत आपलं दुकान आहे!

आई : काय रे पोरांनो, काय झालं? गल्लीच्या तोंडापर्यंत आवाज येतोय. मासा उडाला का बाहेर?

लेक : मासे जागेवर आहेत, आई. तुझा जावई उडालाय.

आई : ते उडतातच. सकाळपासून चहा गार होतोय तिकडे. तराजूबुवा, आधी चहा घ्या, मग काय तो शोध लावा.

जावई : आई, चहा राहू द्या. तुम्ही आधी सांगा, ह्या दोन बादल्यांमधलं मीठ कुठलं असेल?

आई : ही पाणचट, ही पांढरी… दोन वेगळ्या कंपन्यांची असतील. नवं मीठ आणलंत ना तुम्ही, माझ्या डोक्यावर मिरे वाटायला?

जावई : दोन्ही तुमचंच! जुनं, निळ्या झाकणाचं. आणि एकाच पिंपातलं! सकाळी फोडलं, तेच. एक माप वरचं, एक माप तळाचं.

आई : तळाचं? भरल्या पिंपाच्या तळात हात घातलात तुम्ही?

जावई : हात नाही, नळी. काटे दुरुस्त करत धान्याच्या दुकानांतून हिंडायचो, तेव्हा बघितलंय. पोत्याला परखी मारतात ना, तळातला दाणा बघायला? तशी ही पारदर्शक नळी खुपसली सरळ खालपर्यंत. ही बघा, अजून भरलेली आहे. नीट बघा आणि मला सांगा काय दिसतंय.

लेक : अरे! पट्टे आहेत ह्यात! वर जाड खडे, मध्ये रव्याएवढे, आणि खाली… खाली तर नुसतं पीठ.

जावई : पीठ! बरोबर बोललीस. मीठ म्हणजे काही एकच जिन्नस नाही. चांगले सात-आठ प्रकार मिसळलेले असतात, कुणी जाडं, कुणी बारीक. कारखान्यातून निघताना गुण्यागोविंदानं एकत्र. मग गाडीत हादरे खात येतात. बिस्किटांच्या डब्यात चुरा कसा तळाला जातो? तसं बारीक सगळं खाली आणि जाड सगळं वर. वरून काढलं की अळणी, तळातून काढलं की पांढरं.

आई : बरं, मग? मीठ ते मीठ. पिंप तेवढंच आहे ना?

जावई : पिंप तेवढंच, पाणी तेवढं नाही! तिथेच तर गोम आहे. नव्या-जुन्या दोन्ही पिंपांवर लिहिलंय, सहाशे लिटर होतील. ते पातळ पाण्याचं, नुसत्या माशांपुरतं. आपण कोरल जगवतो, आपल्याला दाट लागतं, म्हणजे साडेपाचशे धरा. नवं मीठ तेवढं देतं, मी करून बघितलंय. आपलं जुनं? तळाचा तिसरा हिस्सा दरवेळी पांढरा होतो, आणि तो मोरी पिते.

लेक : म्हणजे नवं पिंप दीडपट महाग, आणि जुन्याचा तिसरा हिस्सा वाया. मग लिटरला दोन्ही सारखेच पडतात की!

जावई : सारखेच! आणि दोन्ही भावांत हॉस्पिटलचं काम आपल्या हातून जातंय. नाक्यावरचा दुकानदार आपल्याहून खाली उतरणार हे मी लिहून देतो.

आई : कुठलं हॉस्पिटल आता?

लेक : अगं, मुलांच्या वॉर्डापुढे भिंतभर माशांची टाकी करतायत ना, त्यांचं. वर्षभर तयार खारं पाणी कोण पुरवणार ते आज ठरतंय. दुकान मिटायच्या आत साहेब फोन करणार. मिळालं तर दुकान तरलं.

जावई : आणि नाही मिळालं तर मी पुन्हा पिशवी खांद्याला लावून काटे दुरुस्त करत हिंडतो, आणि ह्या टाक्या विकायला काढायच्या. म्हणून म्हणत होतो, आई, निदान नवं मीठ घेऊ, कटकट तरी वाचेल.

आई : मी काल सांगितलं, आज सांगते, उद्याही सांगेन. नवं मीठ ह्या दुकानात येणार नाही. त्याला वास नाही.

जावई : आई, मिठाला वास नसतो!

आई : तुम्हाला येत नसेल.

लेक : आई, हट्ट करू नकोस गं. एवढा कसला जीव त्या निळ्या झाकणावर?

आई : तुझ्या बाबांनी आयुष्यभर तेच वापरलं. त्यांचं पाणी कधी पांढरं झालं होतं का? सांग. एक बादली कधी मोरीत गेली? त्यांच्या हाताला गुण होता. आपल्या नाही, हे कबूल करा आणि मिठाला नावं ठेवू नका.

जावई : थांबा. थांबा, थांबा. काय म्हणालात? त्यांचं कधीच पांढरं झालं नाही?

आई : कधीच नाही. तळाचा शेवटचा खडासुद्धा आरशासारखा विरघळायचा.

जावई : हेच पिंप, हेच मीठ, असेच रस्ते. गाडीतले हादरे तेच… मग त्यांच्या पिंपात चुरा खाली का बसत नव्हता?

आई : सांगितलं ना, हाताला गुण.

जावई : गुण हाताला नसतो, आई, रीतीला असतो. ते काय करायचे? पिंप आलं की पहिल्यांदा काय करायचे? आठवा.

आई : काय करणार? गाडीवाल्याला पाणी द्यायचे, मिशीला पीळ द्यायचे, आणि मग ह्या बयेबरोबर पोरखेळ.

जावई : कसला पोरखेळ?

आई : पिंप आडवं पाडायचं आणि लोळवायचं. ह्या दारापासून त्या दारापर्यंत, पुन्हा परत. ही मागे टाळ्या पिटत. मी ओरडायची, अहो फरशी फुटेल, तर म्हणायचे, लेकीला मजा वाटते. एवढा मोठा माणूस, पण…

लेक : आई…

आई : काय गं?

लेक : आई, झाकण उघडायच्या आधी! दरवेळी झाकण उघडायच्या आधीच लोळवायचे! उघडलेलं पिंप कधी लोळवलं नाही त्यांनी. मी रडून मागायची, बाबा पुन्हा, तर म्हणायचे, आता नाही, आता त्याची झोप झाली.

जावई : अगं, मग तू इतकी वर्षं हे पोटात ठेवून काय बसलीस!

लेक : मला काय माहीत! मला वाटायचं माझ्यासाठी खेळतायत! ‘तळाचं येऊ दे वरी’… तळाचं वर! अरे देवा, ते तर सरळ सांगत होते, गाण्यातून, तोंडावर! आणि मी नाचत होते!

आई : म्हणजे… ते खेळत नव्हते?

जावई : खेळतच होते, आई. पण काम खेळत होते. इतकं गोड करून की घरात कुणाला ते काम आहे हे कळलंच नाही. ते गेले आणि तुम्ही खेळ बंद केलात.

आई : खेळायला कुणाला सुचणार होतं तेव्हा?

लेक : कुणालाच नाही, आई. पण आता सुचतंय! झाकण लाव रे त्या पिंपाला. घट्ट लाव, गुडघा दे त्यावर!

जावई : लावलं! स्टूल सरकव! जाळी उचल, बादल्या भिंतीला! आई, तुम्ही बाजूला व्हा.

आई : मी कशाला बाजूला होऊ? माझ्या घरातलं पिंप आहे. तुम्ही ढकला, मी ह्या दाराशी अडवते. आणि पायावर नेऊ नका, जावईबापू, नाहीतर हॉस्पिटलात पाण्याआधी मीच पोहोचेन.

लेक : चल रे! लोळ रे माझ्या पिंपा…!

(आणि मग काय विचारता! जड पोटाचं ते पिंप आळस देत आडवं झालं, आतलं मीठ सर्रर्र करून बोललं. ह्या दारातून त्या दारी, त्या दारातून ह्या दारी, टाक्यांतले नारिंगी मासे काचेला नाक लावून बघत राहिले. ढकलता ढकलता तिघांची दमछाक झाली, केस विस्कटले, आईच्या नाकावरचा चष्मा कपाळावर गेला. मग झाकण उघडलं, पुन्हा नळी खुपसली, पुन्हा दोन बादल्या भरल्या, तळाला एकेक नाणं टाकलं, आणि पाणी घुसळायला पंप सोडून तिघंही जमिनीवर फतकल मारून बसली. पंप गुणगुणत होता. दुपार उंबऱ्यावरून उतरून गेली तरी कुणी उठलं नाही.)

जावई : आता बंद करू पंप?

लेक : तू बंद कर. मला बघवत नाही.

आई : कर गं, कर. मासोळीसारखी तडफडू नकोस.

लेक : केला… बाबा रे. आई, बघ! ही तळातली बादली आहे, तळातली! खाली टाकलेलं नाणं दिसतंय! त्याच्यावरचा आकडासुद्धा!

जावई : दुर्बीण दे! पहिली… रेघ बरोब्बर. दुसरी… थांब, डोळ्यांत पाणी आलं, पुसतो… बरोब्बर! केसाचाही फरक नाही! वरचं आणि तळाचं, जुळी भावंडं! आई, सगळंच्या सगळं पिंप वापरता येणार! मोरीला उपास! तुमचं जुनं मीठ लिटरला नव्यापेक्षा एक तृतीयांशानं स्वस्त पडलं!

आई : मी म्हटलं नव्हतं, मीठ चांगलं आहे?

जावई : तुम्ही म्हणालात वास चांगला आहे.

आई : तेच ते.

लेक : गप्प बसा दोघं, फोन! फोन वाजतोय! साहेबांचा! तू बोल.

जावई : छे, मी आकडे सांगत बसेन, ते झोपतील. तू बोल. मी भाव त्यांच्या फोनवर पाठवतो, हा बघ, पाठवला.

लेक : हॅलो… हो साहेब, नमस्कार… हो, आत्ताच पाठवलाय, बघितलात?… हो, तेवढाच, चूक नाही काही. आमचे मालक काटेदुरुस्तीवाले, त्यांचा आकडा चुकत नाही… पाण्याची खात्री? साहेब, तळाला नाणं टाकून आकडा वाचा… नाही, नवं काही नाही, आमच्या बाबांची रीत आहे… काय?… पुन्हा एकदा सांगता?… हो. हो! सोमवारी सकाळी पाण्याची पहिली टाकी तुमच्या दारात उभी. ठेवते.

जावई : काय म्हणाले?

लेक : म्हणाले, बाकीच्यांना नको म्हणून कळवतो.

जावई : मिळालं! आई, मिळालं! अगं, पिशवी फेकून दे माझी! नको, राहू दे, आतला पाना पंपाला लागतो. मिळालं!

आई : हळू, हळू, बादली लवंडेल. हिचे बाबा… आज असते तर दोन्ही मिशांना पीळ दिला असता.

लेक : आई, एक विचारू? बाबांना सगळे हसायचे, समुद्र इतका लांब, इथे खाऱ्या पाण्याचं दुकान कशाला? ते नुसतं म्हणायचे, हौस. पण त्यांनी तर लग्नापर्यंत समुद्र बघितलाही नव्हता. हौस आली कुठून?

आई : चहा करते मी. सकाळचा तर गारच झाला.

लेक : चहा मी करेन. तू बस. आणि ती शेवटची ओळ काय होती? आवाज खाली नेऊन म्हणायचे, आणि तू पदर तोंडाला लावून म्हणायचीस, पुरे, पोर ऐकतेय.

आई : पोर ऐकत होतीच ना.

लेक : आता पोर मोठी झाली. सांग की.

जावई : मी बाहेर जाऊ का, आई?

आई : बसा हो. तुम्हीही पिंप लोळवलंत… माझ्या आईच्या अंगणात पाय सोडून बसलं की लाट दिसायची. लग्न होऊन इथे आले आणि झोपच येईना. आवाज नव्हता ना रात्रीचा. बोलले नाही मी कुणाला. ह्यांनाही नाही. नवी नवरी, काय बोलणार? एक दिवस बघते तर दारात काचेची एवढीशी टाकी, आणि हे पिंप आडवं पाडून घामाघूम. झाकण उघडलं, आणि तोच वास आला.

लेक : आई…

आई : ऐक आता, एकदाच म्हणेन. ‘लोळ रे माझ्या पिंपा, ह्या दारातून त्या दारी, तळाचं येऊ दे वरी… हिचं माहेर आणतो घरी.’